मातीचा वाडगा आणि सेन नो रिक्यू

चहाचा कप फुटला तर आपण दुसरा आणतो आणि विसरून जातो. पण सोळाव्या शतकातल्या जपानमध्ये चहाच्या भांड्यांना फार मोठा मान होता. ओदा नोबुनागा हा बलाढ्य सरदार आपल्या सेनापतींना बक्षीस म्हणून चहाची नामांकित भांडी द्यायचा! त्याच जपानला साध्या मातीच्या वाडग्याकडे नव्या नजरेने बघायला शिकवलं ते सेन नो रिक्यू यांनी.

रिक्यू यांचा जन्म १५२२ साली साकाई या बंदरात, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. ताकेनो जोओ या गुरूंकडे ते चहाविधी शिकले. पुढे ते नोबुनागाचे आणि १५८२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर तोयोतोमी हिदेयोशीचे चहागुरू झाले. १५८५ मध्ये राजवाड्यातल्या चहाच्या वेळी सम्राटाने त्यांना रिक्यू हे नाव दिलं.

श्रीमंतांच्या चहाला तेव्हा सुबक, चकचकीत चिनी भांड्यांचा थाट असे. रिक्यू यांनी क्योतोमधल्या चोजिरो या कौलं बनवणाऱ्या कारागिराला हाताशी धरलं. चोजिरो चाक वापरत नसे. तो हातानेच वाडगा घडवायचा आणि पात्याने तासायचा. काळे वाडगे तर भट्टीत लालभडक असतानाच चिमट्याने बाहेर काढत. मटेरियल सायन्स शिकलेल्या आपल्याला वाटेल, की वाडगा तडकणारच! पण ती माती भरड आणि सच्छिद्र, त्यामुळे हा धक्का ती सहन करते. शिवाय तिच्यातून उष्णता हळू बाहेर पडते. म्हणून चहा गरम राहतो आणि हात भाजत नाहीत. हीच ती 'राकू' भांडी.

चहाची खोलीही रिक्यू यांनी लहान केली. त्यांची म्हणून ओळखली जाणारी 'ताइआन' ही खोली जेमतेम दोन तातामी चटयांची, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या खोलीपेक्षाही लहान. तिचं दार इतकं बुटकं, की सामुराई असला तरी त्याने तलवार बाहेर ठेवून वाकूनच आत जायचं.

हिदेयोशीची आवड मात्र वेगळी. त्याने चक्क सोन्याची चहाची खोली बनवून घेतली आणि १५८७ च्या कितानोच्या चहामेळाव्यात ती लोकांना दाखवली. काळे वाडगे त्याला आवडत नसत, अशी नोंद त्या काळच्या एका व्यापाऱ्याच्या डायरीत आहे.

१५९१ मध्ये हिदेयोशीने रिक्यू यांना पोट चिरून मरण्याचा हुकूम दिला. दाइतोकुजी मंदिराच्या महाद्वारावर त्यांचा लाकडी पुतळा बसवला गेला होता, म्हणजे खालून जाणारा प्रत्येक जण, अगदी हिदेयोशीसुद्धा, त्यांच्या पायाखालून जाणार! दुसरा आरोप होता चहाची भांडी अवाच्या सवा किमतीला विकल्याचा. खरं कारण काय, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. पण ज्यांच्या एका शब्दावर साध्या मातीची किंमत वाढायची, तो माणूस सत्तेला जड वाटला असेल तर नवल नाही. रिक्यू यांनी हुकूम पाळला.

पण त्यांचं काम थांबलं नाही. त्यांच्या पणतूंनी चहाविधीची तीन घराणी सुरू केली, ती आजही शिकवतात. चोजिरोची परंपरा सांगणारं राकू घराणं क्योतोमध्ये अजून वाडगे घडवतं. २०१९ पासून तिथे सोळावी पिढी कामाला आहे. हिदेयोशीची सोन्याची खोली मात्र उरली नाही. चोजिरोचे मातीचे वाडगे संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. आपणही उद्या वस्तू डिझाइन करणार आहोत. तेव्हा ती किती चकाकते यापेक्षा हातात कशी बसते हे आधी बघायला काय हरकत आहे?