सोफी स्पिट्झ
सोफी स्पिट्झ (१९१० – १९५६) या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ होत्या. लहान मुलांच्या त्वचेवर उद्भवणाऱ्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमा या घातक कर्करोगासारख्या दिसणाऱ्या गाठींच्या अभ्यासासाठी त्या ओळखल्या जातात. अशा गाठीस त्यांच्या नावावरून 'स्पिट्झ नीव्हस' म्हणतात.

जीवन
स्पिट्झ यांचा जन्म टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे झाला. १९३२ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन त्या न्यू यॉर्कला गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लष्कराच्या विकृतिशास्त्र संस्थेत काम केले. उष्णकटिबंधीय रोगांच्या विकृतिशास्त्रावरील त्यांचा व जेम्स ॲश यांचा सचित्र ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे पती आर्थर ॲलन हेही विकृतिशास्त्रज्ञ होते. १९५६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने स्पिट्झ यांचे निधन झाले.

बालवयातील मेलॅनोमा
मेलॅनोमाचे निदान झाल्यास गाठीभोवतालची बरीच त्वचा कापून काढणे, प्रसंगी लसिका ग्रंथीही काढणे, ही त्या काळातील उपचारपद्धती होती. काचपट्टीवरील पेशी पाहून दिलेला निर्णय त्यामुळे मुलाच्या शरीरावर कायमचे व्यंग ठेवू शकत असे. उलट निर्णय चुकल्यास जीव जाण्याचे भय होते. स्पिट्झ यांनी १९४८ मध्ये १३ मुलांच्या गाठींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या गाठी प्रौढांच्या मेलॅनोमासारख्या दिसत असूनही त्यांपैकी एकच मूल दगावले होते. रोगाचे रूप आणि त्याची वर्तणूक यांतील ही तफावत त्यांनी ठळकपणे मांडली. मात्र दोहोंत फरक करणारे पूर्ण भरवशाचे लक्षण त्यांच्याही हाती लागले नाही. या गाठींना त्या मेलॅनोमाच मानत. आज त्यांचे नाव सहसा निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या तिळाला आहे, हे काहीसे विलक्षणच होय.

नंतरचे संशोधन
असे तीळ प्रौढांनाही होतात आणि खरा मेलॅनोमा क्वचित मुलांनाही होतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे केवळ वयावरून निर्णय घेणे सुरक्षित राहिले नाही. अलीकडे बायोप्सीतील ऊतींची जनुकीय तपासणीही केली जाते. स्पिट्झ गाठींत एचआरएएस जनुकातील बदल किंवा एएलके, आरओएस१, एनटीआरके यांसारख्या जनुकांचे संयोग आढळतात, तर त्वचेच्या नेहमीच्या मेलॅनोमात बीआरएएफ जनुकातील बदल अधिक दिसतो. पसरलेल्या मेलॅनोमात हा बदल आढळल्यास त्यावर नेमकी क्रिया करणारी औषधे देता येतात. तरीही काही गाठींबाबत तज्ज्ञांचे आजही एकमत होत नाही.