वसईचा सुपुत्र : संत गोन्सालो गार्सिया



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानच्या २६ हुतात्म्यांचे स्मरण करते. त्यांतील एक जण आपल्या महाराष्ट्राच्या भूमीत जन्मला होता, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? भारतात जन्मलेल्यांमध्ये संतपदाचा मान सर्वप्रथम त्यालाच मिळाला. त्याची ओळख करून घ्यायची तर आपल्याला वसईच्या किल्ल्यात जायला हवे.

आपण कोल्हापूरकरांना किल्ले नवे नाहीत. पन्हाळा तर आपल्या उंबरठ्यावरच आहे. पण वसईचा किल्ला डोंगरावर नाही, तो खाडीच्या मुखाशी सपाटीवर आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांना मिळाली आणि त्यांनी तटबंदीच्या आत अख्खे शहर वसवले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी निकराने लढून ते जिंकले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि भीमाशंकरची घंटा या वसईहूनच आल्या, असे सांगतात. आज किल्ल्यात झाडीमधून चालताना चर्चच्या उंच भिंती, मनोरे आणि पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. आपण मराठी आहोत आणि ख्रिस्तीही आहोत. त्या विजयाचा अभिमान आपला आणि त्या पडक्या भिंतीही आपल्याच. तेथे उभे राहिल्यावर दोन्ही नाती एकदमच जाणवतात.

या शहरात १५५६ च्या सुमारास गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. येशूसंघीय फादरांच्या हाताखाली तो शिकला आणि जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षणाच्या कामात फादरांना मदत केली आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याच्या मनीची इच्छा होती. तो प्रवेश त्याला मिळाला नाही.

येथे आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. ज्यांच्यासाठी उमेदीची वर्षे दिली, त्यांनीच दार उघडले नाही, तर आपण काय करू? बहुधा चर्चची पायरी चढणेच सोडून देऊ. गोन्सालो व्यापारात शिरला. धंदा चांगला चालला, पैसाही मिळाला. पण देवाची हाक काही त्याच्या मनातून गेली नाही. पुढे तो फिलिपिन्समधील मनिला येथे गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही.

१५९३ साली मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फादर पीटर बाप्टिस्ट यांच्या नेतृत्वाखाली वकिलात निघाली. तिला दुभाषा हवा होता. जी भाषा गोन्सालो नकाराच्या त्या वर्षांत शिकला होता, तीच आता उपयोगी पडली. फ्रान्सिस्कनांना क्योटो येथे राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी चर्च बांधले आणि गोरगरीब व कुष्ठरोगी यांच्यासाठी रुग्णालये चालवली.

ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येईल, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. डिसेंबरमध्ये धरपकड झाली. क्योटोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन थंडीत सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीसही जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार करण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. ज्या संघाने त्याला घेतले नव्हते, त्या संघाचे तिघे आणि तो एकाच टेकडीवर प्रभूसाठी मरण पावले.

१६२७ साली या हुतात्म्यांना धन्यपद मिळाले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

वसईच्या किल्ल्यातील येशूसंघीयांच्या जुन्या चर्चला आता संत गोन्सालोचे नाव आहे. शहर ओस पडले तरी तेथे आजही भाविक जमतात आणि त्याचा सण साजरा करतात. कोल्हापूरहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली आणि मुंबईत पश्चिम रेल्वेची लोकल घेतली की वसई दूर नाही. मुलाबाळांना घेऊन एकदा अवश्य जा. आपल्या घरांत कुणाला नोकरीने, कुणाला कॉलेजने, कुणाला सेमिनरीने नाही म्हटलेले असेल. त्यांची नावे मनात घेऊन त्या भिंतींपाशी गुडघे टेका. बंद दारापाशी देव आपल्याला काय शिकवत आहे, हे समजण्याची कृपा संत गोन्सालोच्या मध्यस्थीने आपणां सर्वांना लाभो.