केशवकुमारांची चाल : प्र. के. अत्रे यांच्या चरित्रातील विडंबनाचा धागा

प्रल्हाद केशव अत्रे यांचे चरित्र लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण विपुलतेची असते. शिक्षक, कवी, नाटककार, चित्रपटनिर्माता, संपादक, वक्ता, लोकप्रतिनिधी अशा अनेक भूमिका या एका माणसाने वठविल्या आणि त्यांपैकी प्रत्येकीत त्याने भांडणेही केली. त्यामुळे चरित्र पुष्कळदा किश्श्यांचा संग्रह होऊन बसते. प्रस्तुत लेखात त्या चरित्रातील एकच धागा हाती घेतला आहे. दुसऱ्याच्या गाण्याची चाल उचलून तीवर त्याचीच थट्टा करणारा हा कवी कुणाला दुखवीत होता, कशाच्या बळावर दुखवीत होता आणि ते दुखविणे समाजाने कोठवर खपवून घेतले, एवढाच प्रश्न येथे अभिप्रेत आहे.

अत्र्यांचा जन्म 13 ऑगस्ट 1898 रोजी पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोडीत या गावी झाला. कऱ्हेकाठचे हे बालपण त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच येऊन बसले आहे. त्या आत्मचरित्राचा आधार चरित्रकाराला सोडता येत नाही. मात्र ते एका कसलेल्या कथेकऱ्याने रंगवून सांगितलेले आहे, हेही त्याला विसरता येत नाही. पुण्यात येऊन फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेईपर्यंत अत्र्यांवर सर्वांत खोल ठसा उमटला तो राम गणेश गडकरी यांचा. गडकरी 'गोविंदाग्रज' या नावाने उत्कट प्रेमकविता लिहीत आणि 'बाळकराम' या नावाने विनोद. एकाच लेखणीतून भावनेचा अतिरेक आणि अतिरेकाची टवाळी कशी स्रवू शकते, याचा वस्तुपाठच तो होता. 1919 च्या जानेवारीत गडकरी निवर्तले. अत्र्यांनी 'केशवकुमार' हे नाव घेतले तेव्हा तेही दोन्ही प्रकारचे लेखन करीत होते. त्यांची गंभीर कविता पुढे 'गीतगंगा' या संग्रहात आली, पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते दुसरे केशवकुमार.

त्या काळचे पुणे काव्याच्या दृष्टीने कसे होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज या विडंबनाचे मर्म उलगडत नाही. 1923 मध्ये रविकिरण मंडळाची स्थापना झाली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर व मनोरमा रानडे, वि. द. घाटे आदी कवी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत, एकमेकांना कविता ऐकवीत. मंडळाचे वाङ्मयीन कार्य पुष्कळ आहे. परंतु सामान्य रसिकांच्या दृष्टीने त्याचा मोठा विशेष म्हणजे काव्यगायन. यशवंत आणि गिरीश यांसारख्यांनी कविता पुस्तकाबाहेर आणून मैफलीत गाऊन दाखविली. कविता ही कानाने घ्यावयाची वस्तू आहे, ही जुनी समजूत त्यांनी नव्या सुशिक्षित वर्गात पुन्हा रुजविली. कीर्तन, पोवाडा, लावणी यांच्या प्रदेशात हे घडणे स्वाभाविकच होते. तथापि गायनाचा एक धोका असतो. चाल गोड असली की शब्दांचा पोकळपणा झाकला जातो, आणि ऐकणारा ज्या हळवेपणाला दाद देतो तो कवितेचा की गळ्याचा, हे सांगणे कठीण होते. अनुकरण करणाऱ्या दुय्यम कवींच्या हाती तर केवळ चाल आणि उसासे एवढेच उरले.

नेमक्या याच ठिकाणी केशवकुमारांनी बोट ठेवले. 1925 मध्ये 'झेंडूची फुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. नावातच भूमिका आहे. गुलाब, पारिजात, बकुळी ही त्या वेळच्या प्रेमकवितेची फुले. झेंडू हे बाजारात ढिगाने मिळणारे, दसऱ्याला दारावर चढणारे, उग्र वासाचे फूल. या कविता मूळ कवितांच्या वृत्तांत व चालींत चोख बसतात. मराठी श्रोत्याला ओळखीच्या चालीवर नवे शब्द ऐकण्याची सवय होतीच. अण्णासाहेब किर्लोस्करांपासून संगीत नाटकांतील पदे प्रचलित चालींवर रचली जात होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली मराठीत आणल्या होत्या. चाल कुणा एकाच्या मालकीची नव्हे, हा संकेत मराठीत दृढ होता. विडंबनकाराने तोच संकेत वापरला आणि उलटविला. नाटकातील पदात जुनी चाल नव्या शब्दांना प्रतिष्ठा मिळवून देते. विडंबनात नवे शब्द जुन्या चालीची प्रतिष्ठा काढून घेतात. एकदा 'झेंडूची फुले' कानावर पडली की मूळ कविता पूर्वीच्या गांभीर्याने ऐकणे अवघड होते. मूळ कवीला बोचणारी खरी गोष्ट हीच असते. टीकालेख वाचून विसरता येतो, चाल विसरता येत नाही.

'प्रेमाचा गुलकंद' ही यांतील बहुधा सर्वाधिक प्रसिद्ध रचना. प्रेमिक नेमाने गुलाब देत राहतो आणि अखेर त्याच्या हाती पडते ते त्याच गुलाबांचे गुलकंद. येथे एखाद्या विशिष्ट कवितेपेक्षा एका संपूर्ण काव्यसंप्रदायाची खोड पकडली आहे : फुलाला प्रतीक मानणारा कवी आणि त्याच फुलाचा स्वयंपाकघरात उपयोग करणारी व्यवहारी दुनिया. 'श्यामले' मध्ये मात्र रोख अधिक नेमका आहे. फारसी शब्दांची पखरण, प्रियकर-प्रेयसीच्या उपमांची चढती जोडपी, आर्जवाचा सूर, हे सारे माधव जूलियनांच्या शैलीकडे निःसंदिग्धपणे निर्देश करते. त्या उपमांत प्रेयसीची तुलना थेट चिचुंद्रीशी केली जाते. आज ही कविता वर्गात शिकविताना हसू येते आणि त्याबरोबर किंचित अडखळायलाही होते. हसे कुणाचे होते? सावळ्या मुलीचे, की तिच्यासाठी उपमा शोधून दमलेल्या कवीचे? माझ्या मते कवितेची रचना दुसऱ्या उत्तराकडे झुकते. बोलणारा प्रियकर स्वतःला तितक्याच हास्यास्पद उपमा देत जातो. तरी पहिले उत्तर पूर्णपणे नाकारता येत नाही, आणि नाकारू नये.

माधव जूलियनांचे प्रकरण येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण विडंबन आणि व्यक्ती यांच्या सीमेची कसोटी तेथेच लागते. माधव त्र्यंबक पटवर्धन हे फारसीचे व्यासंगी प्राध्यापक. मराठीत गझलेची वृत्ते आणण्याचा त्यांचा प्रयत्न छंदःशास्त्राच्या अभ्यासातून आलेला होता. त्यांचा फारसी-मराठी कोशही 1925 मध्येच प्रसिद्ध झाला, हा योगायोग बोलका आहे : एकाच वर्षी एका बाजूला त्या शब्दसंपदेचा कोश आणि दुसऱ्या बाजूला तिची थट्टा. याच सुमारास त्यांच्या खाजगी आयुष्यातील एका प्रेमप्रकरणावरून पुण्यात गदारोळ उठला आणि त्यांना फर्ग्युसन महाविद्यालय सोडावे लागले. म्हणजे ज्या माणसाच्या प्रेमकवितेची चेष्टा होत होती, तो त्या वेळी प्रेमापायीच जनापवाद सोसत होता. केशवकुमारांनी त्या अपवादाला कवितेचा विषय केला असता तर पुण्यातील टाळ्या सहज मिळाल्या असत्या. परंतु 'श्यामले'चे लक्ष्य भाषा, उपमा आणि सूर हेच आहे. ती समजण्यासाठी जूलियनांची कविता माहीत असावी लागते, त्यांचे प्रकरण नव्हे. पुढे जूलियन भाषाशुद्धीच्या चळवळीकडे वळले व आपल्या लेखनातून फारसी शब्द वगळू लागले. त्याचा संबंध विडंबनाशी जोडण्याचा मोह होतो. पण ते वळण सावरकरांच्या प्रभावाचे होते, आणि त्याचे श्रेय अथवा दोष केशवकुमारांकडे जात नाही.

विडंबनाविषयी मराठी रसिकांत दोन मते दिसत आली आहेत. एका मतानुसार ते परोपजीवी लेखन होय. मूळ कवीने रक्त आटवून मिळविलेल्या लयीवर विडंबनकार फुकटचे हशे वसूल करतो. दुसऱ्या मतानुसार ते टीकेचे सर्वांत प्रामाणिक रूप होय, कारण ज्याची नक्कल करावयाची त्याचे लेखन टीकाकारापेक्षा विडंबनकारालाच अधिक बारकाईने वाचावे लागते. 'झेंडूची फुले' दुसऱ्या मताला बळ देते. यांतील चाल ही टवाळीचे साधन आहे तशीच टवाळीवरचा लगामही आहे. वृत्तात बसवावयाचे तर शब्द तोलून घ्यावे लागतात. मूळ कविता ओळखू यावयाची तर तिच्याजवळ राहावे लागते. विडंबनकार मूळ कवीपासून फार दूर जाऊच शकत नाही. राग, द्वेष, हिशेब चुकविणे यांना या बंधनात फारशी जागा मिळत नाही. या विधानाची प्रचीती अत्र्यांच्याच पुढील आयुष्यात येते.

1928 मध्ये लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन ते परतले. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे मुख्याध्यापकपद आणि 'नवयुग वाचनमाला' यांमुळे शिक्षणक्षेत्रात त्यांचे नाव झाले होते व होत होते. पण चाल सोडून व्यंग आता रंगभूमीवर आले. 'साष्टांग नमस्कार' (1933) या नाटकात सूर्यनमस्काराच्या खुळासह नाना छंदांची रेवडी उडविली आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रचार करीत असल्याने प्रेक्षकांना रोख शोधावा लागला नसणार. तरीही नाटकाचा विषय खूळ हाच राहिला. 'ब्रह्मचारी' (1938) या मास्टर विनायक दिग्दर्शित चित्रपटात ब्रह्मचर्याच्या आश्रमी आदर्शाची थट्टा होती. तेथे खळबळ उडविली ती मात्र संवादांनी नव्हे, एका गाण्याने. पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकर यांच्यावर चित्रित झालेले ते गाणे सनातनी प्रेक्षकांना असह्य वाटले आणि इतरांनी चित्रपटगृहे भरली. गंमत अशी की, त्या गीताचे शब्द आणि दादा चांदेकरांची चाल परंपरेला धरूनच आहेत. यमुनेतील जलक्रीडा मराठी कवितेला आणि कीर्तनालाही परकी नव्हती. परिचित सुरांत अपरिचित दृश्य बसविणे ही 'झेंडूची फुले'चीच युक्ती, केवळ माध्यम निराळे.

वृत्तपत्रात ती युक्ती सुटली. 1940 मध्ये 'नवयुग' साप्ताहिक आणि 15 नोव्हेंबर 1956 पासून 'मराठा' दैनिक, यांतून अत्र्यांनी जे युद्ध चालविले त्यात चाल नव्हती, वृत्त नव्हते, मूळ संहितेशी इमान राखण्याचे बंधन नव्हते. ना. सी. फडके यांच्याशी झालेला त्यांचा वाद वाङ्मयीन मतभेदावर थांबला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजी देसाई व काँग्रेसचे नेते यांच्यावर झालेला मारा राजकीय दृष्ट्या परिणामकारक होता यात शंका नाही. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीबरोबर अत्र्यांच्या भाषणांनी ती चळवळ घरोघर नेली. पण हा हल्ला माणसाच्या नावावर, रूपावर, खाजगी वर्तनावर जाई. अत्र्यांच्या चाहत्यांनी याला रांगडेपणा म्हणून गौरविले. चरित्रकाराने तो गौरव जसाच्या तसा स्वीकारू नये. ज्या लेखकाने 1925 मध्ये एका अडचणीत सापडलेल्या कवीच्या खाजगी जीवनाला हात लावला नाही, त्यानेच पुढे तो संयम सोडला. आणि लोकांची दाद मात्र वाढतच गेली. दुखविण्याची मुभा लेखकाला वाचकच देत असतात, हे या चरित्रातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

एवढे असूनही वैर कायम जपणे त्यांच्या स्वभावात नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात काँग्रेसवर तुटून पडणाऱ्या या संपादकाने 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर 'सूर्यास्त' ही लेखमाला लिहिली, तीत शोक आहे, हिशेब नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' वर त्यांनी काढलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. ज्या हळवेपणाची त्यांनी तरुणपणी टर उडविली होती त्याच जातीचा, पण अस्सल, हळवेपणा तेथे त्यांनी आदराने हाताळला. विडंबनकाराला भावनेचे वावडे असते, हा समज या एका उदाहरणाने मागे घ्यावा लागतो. साहित्यसंस्थांचा न्यायही पाहण्यासारखा आहे. मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 1936 मध्ये जळगावला माधव जूलियनांकडे, 1942 मध्ये नाशिकला अत्र्यांकडे आणि 1950 मध्ये मुंबईला यशवंतांकडे गेले. ज्यांची थट्टा झाली ते आणि ज्याने केली तो, असे तिघेही चौदा वर्षांच्या अवधीत एकाच आसनावर बसले.

13 जून 1969 रोजी अत्र्यांचे निधन झाले. 'झेंडूची फुले' त्यानंतरही वाचली जात राहिली, परंतु काव्यगायनाच्या मैफली ओसरल्या तशा मूळ चाली विस्मरणात गेल्या. आजचा विद्यार्थी अनेकदा विडंबन आधी वाचतो आणि मूळ कविता नंतर, किंवा वाचतच नाही. मग त्याला यात केवळ विनोदी पद्य दिसते, थट्टेचा धनी दिसत नाही. प्रत्येक विडंबनासमोर मूळ कविता, तिचे वृत्त आणि ती ज्या चालीवर म्हटली जाई तिची नोंद देणारी साक्षेपी आवृत्ती सिद्ध झाल्यास पदव्युत्तर अध्यापनाची मोठी सोय होईल. रविकिरण मंडळाच्या मैफली ऐकलेली पिढी आता हयात नाही; त्यामुळे अशा आवृत्तीसाठी स्वरलिपी, जुन्या ध्वनिमुद्रिका आणि मैफलींची समकालीन वर्णने यांवरच भिस्त ठेवावी लागणार आहे.