नावांची नोंद ठेवणारा माणूस

आमच्या जव्हारकडे माणसाचा ठावठिकाणा विचारताना घरक्रमांक कुणी सांगत नाही. पाड्याचे आणि माणसाचे नाव पुरते. संगणकाचे मात्र उलटे आहे, त्याला फक्त आकडे कळतात. आपण नाव टाकावे आणि यंत्राने त्याचा आकडा शोधावा, ही सोय ज्यांनी उभी केली त्यांत जॉन पोस्टेल यांचा वाटा मोठा आहे.

पोस्टेल यांचा जन्म १९४३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेले आर्पानेट त्यांच्या विद्यापीठात सुरू झाले आणि विद्यार्थी असतानाच ते त्या कामात शिरले. लांब दाढी, पायांत सँडल, बोलणे कमी. जाळ्याच्या नियमांच्या टिपणांचे संपादन त्यांनी जवळपास तीस वर्षे केले. कोणत्या कामाला कोणता क्रमांक, याची नोंद ठेवण्याचे किचकट कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतले.

तेव्हा सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत असत आणि जो तो तिची नक्कल उतरवून घेई. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पोस्टेल यांनी सोपवल्यावरून पॉल मॉकापेट्रिस यांनी ‘डीएनएस’ ही रचना मांडली. तिच्यात ज्याने त्याने आपापल्या नावांची यादी सांभाळायची; मात्र प्रत्येक यादी निदान दोन यंत्रांवर हवी.

हीच रचना लहान रुग्णालयालाही उपयोगी पडते. एका दणकट संगणकाच्या पोटात दोन आभासी सर्व्हर चालवता येतात. एक नावे सांभाळतो, दुसरा छपाईची रांग. प्रिंटर बदलला, त्याचा आकडा बदलला, तरी नाव तेच राहते आणि प्रयोगशाळेचा अहवाल नेमका केसपेपरच्या खिडकीवर निघतो. पावसात बाहेरची लाइन गेली तरी आतली नावे चालू राहतात. मोखाड्याच्या पाड्यावरून आलेल्या रुग्णाला हातात अहवाल घेऊन शेवटची एसटी गाठायची असते, तेव्हा याची किंमत कळते. पण नावांची दुसरी यादी त्याच संगणकात ठेवू नये. तो बंद पडला की दोन्ही सर्व्हर एकदमच जातात. ती वेगळ्या यंत्रावरच हवी.

हृदयाला अशी दुसरी प्रत नसते. पोस्टेल यांच्या हृदयाची झडप गळत होती. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी ते गेले. झडप गळू लागली की चढावर धाप लागते, आडवे झाल्यावर दम कोंडतो, पाय सुजतात. आपल्याकडे तरुणांत याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणी घसादुखीनंतर येणारा ऱ्हुमॅटिक ताप. मुलाचा घसा दुखून पुढे सांधे सुजले, तर डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको.

पोस्टेल यांच्या मृत्यूच्या काही आठवडे आधीच त्यांच्या कामासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली होती. ते गेले तरी नावे विचारली जात होती आणि उत्तरे मिळत होती. रुग्णालयातही सर्व्हरची माहिती एकाच कर्मचाऱ्याच्या डोक्यात राहू नये. ती कागदावर लिहून ठेवावी आणि निदान दोघांना ठाऊक असावी.