कॅपाब्लांकाला नमविणारे सुलतान खान

१९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेते होजे राऊल कॅपाब्लांका यांच्यासमोर पांढरी मोहरी घेऊन बसलेले मीर सुलतान खान यांना युरोपीय नियमांची ओळख होऊन फार वर्षे झाली नव्हती. दुसऱ्याच चालीत त्यांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकविले. पंजाबातील ज्या देशी पद्धतीवर त्यांचा पिंड पोसला होता, तीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जात असे. डावाच्या मध्यावर कॅपाब्लांका यांनी दोन हत्ती देऊन वजीर मिळविला. वरवर पाहता सौदा बरा होता; परंतु मुक्तपणे फिरण्यास त्या वजिराला वाट उरली नाही. सुलतान खान यांनी घाई न करता फास आवळला आणि ६५ चालींत डाव जिंकला. स्पर्धेत युवे व कॅपाब्लांका यांच्यामागोमाग ते तिसरे आले.

खुशाबजवळील मिठा टिवाणा हे त्यांचे गाव. खेळ वडिलांकडून मिळाला, तर युरोपीय नियम सर उमर हयात खान यांच्या पदरी असताना. १९२८ मध्ये अखिल भारतीय विजेतेपद मिळाले. पुढील वर्षी सर उमर यांनी त्यांना लंडनला नेले. तेथील सरावस्पर्धेत त्यांची कामगिरी अगदीच सामान्य झाली. ग्रंथगत प्रारंभांचे ज्ञान तोकडे होते. तरीही त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे ते ब्रिटिश विजेते ठरले! १९३२ व १९३३ मध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळविला. १९३१ च्या प्राग ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर त्यांनी फ्लोर व रुबिन्स्टाइन यांना हरविले, तर जगज्जेते अलेखाइन यांना बरोबरीत रोखले.

१९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि त्यांच्यासोबत सुलतान खानही. युरोपातील कारकीर्द पाच वर्षेही भरली नाही. आश्रयदात्याचा मुक्काम हलला की खेळाडूचाही हलायचा, अशी ती व्यवस्था होती. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या १० डावांच्या सामन्यात त्यांनी केवळ एक डाव बरोबरीत सोडला, बाकी सर्व जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धांतून त्यांचे नाव दिसेनासे झाले.

२५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. जागतिक महासंघाने १९५० मध्ये ग्रँडमास्टर किताब सुरू केला, तेव्हा ते हयात होते. परंतु त्यांचा विचार झाला नाही. मानद ग्रँडमास्टर किताब २०२४ मध्ये देण्यात आला, तो पाकिस्तानच्या काळजीवाहू पंतप्रधानांनी स्वीकारला.