डॉक्टर एडवर्ड जेन्नर

ज्या रोगास आपले पूर्वज देवी म्हणत व ज्याच्या भयाने नवस करीत, त्याचा नायनाट ज्यांच्या श्रमांमुळे शक्य झाला, त्या एडवर्ड जेन्नर यांचा जन्म इंग्लंडातील बर्कली गावी ता. १७ मे १७४९ रोजी झाला. त्यांचे वडील तेथील मंडळीचे पाळक होते. एडवर्ड पाच वर्षांचे असता आईबाप वारले व वडील भावाने त्यांचा सांभाळ केला. त्या काळी निरोगी मुलास खऱ्या देवीचाच पू टोचीत. ह्या उपायाने कित्येकांचा बचाव होई, परंतु काही दगावत व इतरांसही रोग लागे. एडवर्ड यांसही लहानपणी हे सोसावे लागले.

पुढे त्यांनी एका शस्त्रवैद्यापाशी उमेदवारी केली व लंडनास जॉन हंटर ह्या विख्यात वैद्यापाशी शिक्षण घेतले. मग ते आपल्या खेड्यातच परत आले. गाईच्या सडांवर येणारे फोड ज्या गवळणींच्या हातांस होतात, त्यांस देवी येत नाहीत, असा तिकडील शेतकऱ्यांचा समज होता. जेन्नर यांनी ह्या साध्या लोकांचे बोलणे तुच्छ मानिले नाही. ता. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स नामक गवळणीच्या हातावरील फोडातील लस त्यांनी जेम्स फिप्स ह्या आठ वर्षांच्या मुलास टोचली. पुढे खऱ्या देवीचा पू टोचूनही त्यास रोग झाला नाही. सन १७९८ त त्यांनी आपला शोध पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

पुष्कळांनी थट्टा केली. लस टोचलेल्यांस गाईची शिंगे फुटतात, अशी चित्रेही निघाली. पण जेन्नर यांनी शोधाचा मक्ता घेतला नाही, उलट आपल्या बागेतील झोपडीत गोरगरिबांस फुकट लस टोचली.

ही लस बगदाद व बसऱ्यावरून मुंबईस आली. तेथे ता. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. तिच्या हातावरील लसीपासून इतर मुलांस टोचण्यात आले व पुढे ती पुण्यासही पोहोचली. जेन्नर ता. २६ जानेवारी १८२३ रोजी निवर्तले. सन १९८० त देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. म्हणून आता मुलांस ती लस टोचीत नाहीत.

परंतु गोवर अद्याप गेलेला नाही. सन २०२२ त मुंबईत त्याची साथ येऊन लहान मुले दगावली. त्याची पहिली लस नऊ महिने पुरे होताच व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. पिंपरी, चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत कामास आलेली कुटुंबे वारंवार खोली बदलतात, व त्या धांदलीत मुलाचे कार्ड हरवते आणि दुसरी लस राहून जाते. आईबापांनी कार्ड जपून ठेवावे. ते हरवले तरी मुलास जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. उपदेशकांनी घरभेटीच्या वेळी ह्याची विचारपूस करावी.

लस टोचून घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये. यार्देनेत स्नान करण्याचा उपाय नामानास फार साधा वाटला व तो रागाने परत फिरला. पण चाकरांचे ऐकून त्याने तो केला, तेव्हा देवाने त्यास शुद्ध केले. साध्या उपायाचा अवमान करून आपण आपली लेकरे गमावू नयेत.