चांद्याच्या दीक्षेआधी: बाबासाहेब आणि शीख पंथ

नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. पुढाकार बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होते. दरवर्षी आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो, पण या दिवसाच्या वीस वर्षे आधी बाबासाहेब शीख होण्याच्या उंबरठ्यावर होते, हे आपल्यातल्या अनेक तरुणांना माहीत नसते.

बाबासाहेब कबीरपंथी घरात वाढले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात कबीर आहेत, रविदास आहेत, आपले नामदेवही आहेत. १९३५ साली येवल्याची घोषणा झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख मिशन परिषदेला गेले. त्याच वर्षी शीख धर्म अभ्यासण्यासाठी त्यांनी तेरा अनुयायी अमृतसरला पाठवले. मुंबईत माटुंग्याचे खालसा कॉलेज १९३७ साली उभे राहिले, ते याच संबंधातून.

मग गाडी अडली कुठे? शीख झालेल्या अस्पृश्यांचे पुणे करारातले हक्क टिकतील का, हा मोठा प्रश्न होता. पंजाबातल्या मजहबी शिखांना गावात मिळणारी वागणूकही लपलेली नव्हती. अभ्यासकांत यावर मतभेद आहेत. आमच्या मते हक्कांचा प्रश्नच निर्णायक ठरला.

पुढे बाबासाहेब घटना समितीत मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेच्या कलम २५ च्या स्पष्टीकरणात मंदिरप्रवेश आणि समाजसुधारणेच्या कायद्यांपुरता हिंदू या शब्दात शीख, जैन आणि बौद्धही धरले गेले. हेतू दारे उघडण्याचा होता. शिखांना मात्र त्यात आपली ओळख पुसली जाताना दिसली. हिंदू कोड बिल शिखांना लावण्याला सरदार हुकुमसिंग यांनी संसदेत विरोध केला. फाळणीत अर्धा पंजाब गेलेला, पंजाबी सुभ्याची मागणी लोंबकळत पडलेली, त्यात हे. १९८४ च्या फेब्रुवारीत अकाली दलाने याच कलमाविरुद्ध आंदोलन केले. जूनमध्ये सुवर्णमंदिरात लष्कर शिरले, नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली. कॅनडा-ब्रिटनच्या गुरुद्वारांत आजही ती जखम बोलते. तिथल्या प्रत्येक शिखाला खलिस्तानी ठरवणारे संदेश पुढे ढकलण्याआधी आपल्या पोरांनी एवढा इतिहास तरी वाचावा.

कारण हे दुखणे आपलेही आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत हिंदूंखेरीज फक्त पंजाबकडच्या चार शीख जाती घेतल्या. १९५६ च्या सप्टेंबरात ती सवलत सर्व दलित शिखांना मिळाली. तीन आठवड्यांनी बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, ६ डिसेंबरला ते गेले. केंद्राच्या त्या यादीत बौद्धांना जागा मिळायला १९९० उजाडले. कलम २५ चे स्पष्टीकरण आहे तसेच आहे. शिखांनी २०१२ साली आनंद विवाह कायद्यात दुरुस्ती करून आपल्या लग्नांची वेगळी नोंद मिळवली. चांद्यात दीक्षा घेतलेल्यांच्या नातवंडांची लग्ने बौद्ध पद्धतीने लागतात आणि कायद्यापुढे हिंदू विवाह म्हणूनच मोजली जातात.